नातवाचा शब्द आणि आजीचा कान: घणसोलीतल्या एका घराचं प्रकरण

मुलगा दोन वर्षं तीन महिन्यांचा. आईची तक्रार एका वाक्यात: "समजतं सगळं, पण बोलत नाही." घर घणसोलीत, सिडकोच्या जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर. आई ३१ वर्षांची, ऐरोलीत आयटी कंपनीत शिफ्टची नोकरी. बाबा रबाळे एमआयडीसीत. आजी, म्हणजे बाबांची आई, ६६ वर्षांची, मूळची पाटण तालुक्यातली. आजोबा वाशीच्या बाजार समितीत माथाडी होते. आजीनं स्वतः बारा वर्षं मसाला कांडपाच्या गिरणीत काम केलेलं. मूल चौदा महिन्यांचं झालं तेव्हा आई पुन्हा पूर्ण वेळ कामावर गेली आणि सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत नातू आजीच्या हवाली झाला.

हे कुणा एका खऱ्या कुटुंबाचं चरित्र नाही. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात वरचेवर दिसणाऱ्या अडचणी एकाच घरात मांडून हे प्रकरण बांधलं आहे. त्यामुळे मुलाचे, आजीचे आणि घरातले मोजमापाचे आकडे या घरापुरतेच घ्यावेत.

तपासणीला येईपर्यंत घरात सल्ल्यांचा ढीग जमला होता. "त्याचा बाप तिसऱ्या वर्षी बोलला." "मुलगे उशिराच बोलतात." गावाकडून वेखंडाचं कांडं आलं होतं आणि आठवडाभर ते उगाळून जिभेवर लावूनही झालं होतं. कुणी म्हणालं, जिभेखालची शीर कापून घ्या. शेजारणीनं सगळा दोष मोबाईलला दिला. आईनं रात्री एक वाजता इंटरनेटवर स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, लक्षणं वाचली आणि त्यानंतर तिला झोप लागली नाही. यातल्या प्रत्येक सल्ल्यात मुलाच्या तोंडाकडे पाहिलेलं होतं, कानाकडे कुणीच नाही. जिभेखालचा तंतू आखूड असेल तर काही उच्चार अडतात, स्तनपानाला त्रास होतो. पण त्यामुळे शब्द शिकणं थांबत नाही. वेखंडाबद्दल इतकंच सांगावं लागेल की त्यात बीटा-असारोन नावाचं घातक द्रव्य असू शकतं, त्यामुळे ते बाळाला चाटवू नये.

शब्द मोजायचे कसे

आई म्हणाली पाच-सहा शब्द येतात. आजी म्हणाली, "लई बोलतो की." दोघींचंही बरोबर नव्हतं. म्हणून तीन दिवस स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवून मोजणी केली. नियम साधा: मुलानं आपणहून, त्याच गोष्टीसाठी, पुन्हा पुन्हा वापरलेला आवाज म्हणजे शब्द. कुत्र्याला कायम "भू" म्हणत असेल तर तो शब्द धरायचा. आपण म्हटल्यावर लगेच मागून म्हटलेला धरायचा नाही. तीन दिवसांत ११ भरले: आई, बा, मम, भू, काऊ, नाय, दे, जीजी, टाटा, गाई, आणि बससाठी एक लांब "ऊऽऽ". दोन शब्द जोडलेले एकदाही नाहीत. दोन वर्षं पूर्ण होताना साधारण ५० शब्द आणि "बाबा गेला", "अजून दूध" अशा जोड्या अपेक्षित असतात. तेव्हा उशीर खरा होता.

दुसरी पायरी समज तपासण्याची, आणि इथेच "समजतं सगळं" या वाक्याची शिवण उसवली. आजी म्हणाली, "चप्पल आण." मुलगा दाराशी गेला आणि चप्पल घेऊन आला. आजीचा हात दाराकडे वळला होता, नजरही तिकडेच होती. मग तेच वाक्य आईला म्हणायला सांगितलं, पण हात मागे बांधून, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून, नेहमीच्या आवाजात. मुलगा जागचा हलला नाही. वर्तमानपत्राकडे बघत राहिला, मग ते ओढायला लागला. तिसऱ्यांदा आई त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर बसून तेच बोलली, तोंड झाकूनच. तो उठला आणि चप्पल आणली. दूरून नाही, जवळून हो. एवढ्यावरून निदान करायचं नसतं. पण पुढची चिठ्ठी कुणाच्या नावे लिहायची ते इथे कळतं: कानाच्या डॉक्टरांच्या आणि ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे ऐकणं मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या.

स्वमग्नतेची चाळणी टाळली नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. २ पर्यंत गुण म्हणजे कमी जोखीम, ३ ते ७ मध्यम, ८ आणि त्यावर जास्त. या मुलाला ३ आले. आईचा चेहरा उतरला. पण गुणांच्या बेरजेपेक्षा ते कुठल्या प्रश्नांवर आले हे पाहावं लागतं. मूल बहिरं असावं अशी शंका कधी आली का, नावानं हाक मारल्यावर बघतं का, खुणेशिवाय सांगितलेलं कळतं का: तिन्ही प्रश्न कानावरून जाणारे. बोटानं दाखवणं होतं. खिडकीतून दिसलेली बस आजीला दाखवून पुन्हा तिच्या तोंडाकडे पाहणं होतं. रिकाम्या कपातून बाहुलीला चहा पाजणं होतं. प्रश्नावलीसोबतची सविस्तर मुलाखत घेतल्यावर एकच गुण उरला. मध्यम गुण आले की ती मुलाखत घ्यायचीच असते. ती न घेता घरच्यांच्या हाती नुसता आकडा देणं हा मोठा अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

जन्मावेळी "पास", मग आता काय?

"जन्मल्यावर कान तपासले होते, पास आहेत," असं सांगून बाबांनी फाईल काढली. कागद खरा होता. दुसऱ्या दिवशी केलेल्या ओएई, म्हणजे आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का हे पाहणाऱ्या, चाचणीत दोन्ही कान चांगले होते. पण ती चाचणी त्या दिवसापुरती असते. आतला कान जन्मतः ठीक आहे एवढंच ती सांगते. दीड वर्षानं पडद्यामागे काय होईल याची हमी देत नाही.

झालं होतं ते असं. मधला कान आणि घशाची मागची बाजू यांना जोडणारी युस्टेशियन नळी लहान मुलांत आखूड आणि जवळपास आडवी असते. सर्दी झाली की ती सुजून बंद होते, आत हवा जात नाही, मधल्या कानात पाणी साठतं आणि पुढे ते गोंदासारखं घट्ट होतं. ना ठणका, ना ताप, ना कान फुटणं. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. या मुलाला मागच्या पावसाळ्यापासून सहा-सात सर्द्या झाल्या होत्या आणि रात्रीची दुधाची बाटली तो आडवा पडूनच घेत होता. त्यानंही हा त्रास वाढतो.

टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो हे मोजणाऱ्या चाचणीत, दोन्ही कानांची रेघ सपाट आली. पडदा हलत नाही, मागे द्रव आहे, असा तिचा अर्थ. बक्षीस म्हणून दिवा लागणारं खेळणं दाखवून केलेल्या श्रवणचाचणीत तो ३५ ते ४० डेसिबलला प्रतिसाद देत होता, त्याहून हळू आवाजाला नाही. एका मीटरवरचं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. म्हणजे ऐकू येत होतं, पण उशी कानावर धरून ऐकावं तसं. मोठे स्वर पोचतात. स, श, फ, ख अशी हलकी व्यंजनं आणि शब्दाच्या शेवटी पुटपुटलेलं गळतं. मराठीत सगळी व्यवस्था त्या शेवटच्या तुकड्यातच असते: घर, घरात, घराला, घरून. हा तुकडा रोज वेगळा ऐकू येतो, कधी येतच नाही. मूल त्यातून नियम कसा काढणार?

कानात कोमट तेल घालू नये, हे इथे ठामपणे सांगितलं. पाणी पडद्याच्या आत असतं, तेल बाहेरच राहतं, आणि कुठे भोक असेल तर आत जाऊन संसर्ग होतो. अँटिबायोटिक किंवा सर्दीची औषधं या पाण्यावर उपयोगी पडत नाहीत. बहुतेक मुलांत ते तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरली. तेव्हाही पाणी असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर पडद्यात ग्रोमेट म्हणजे बारीक नळी बसवण्याचा विचार. या वयात केवळ कानातल्या पाण्यासाठी नाकामागच्या अॅडेनॉइड नावाच्या गाठी काढत नाहीत. नाक सतत बंद असणं, झोपेत श्वास अडणं असं वेगळं कारण लागतं.

"तीन महिने थांबा" हे कानाच्या पाण्याबद्दल होतं, भाषेबद्दल नाही. अनेक घरी हे दोन्ही एकच समजतात आणि मुलाचे तीन महिने फुकट जातात.

आजी

फाईल इथे बंद करता आली असती. पण तपासणीच्या खोलीत एक गोष्ट दिसली होती. आजी खिडकीशी बसली होती, मागून विचारलं, "आजी, रात्री दूध किती वाजता देता?" ती बाहेर बघत राहिली. समोर येऊन विचारल्यावर म्हणाली, "हो, बाटलीनंच देते." घरचा टीव्ही ४० वर असतो हे बाबांनी हसून सांगितलं होतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आईला सांगून आजी-नातवाचा दुपारचा दहा मिनिटांचा व्हिडिओ मागवला. तो थांबवून थांबवून पाहिला आणि मोजला. दहा मिनिटांत मुलानं २३ वेळा आजीकडे काहीतरी टाकलं: आवाज, बोट, हातात दिलेली वस्तू. त्यातल्या ६ वेळांना उत्तर मिळालं. वस्तू हातात दिली की आजी लगेच बोलत होती, प्रेमानं, भरभरून. नुसता आवाज आला की काहीच नाही. ती दुर्लक्ष करत नव्हती. तिला ते ऐकूच जात नव्हतं. साडेचौथ्या मिनिटाला मुलगा खिडकीकडे बोट करून "ऊऽऽ" म्हणतो. आजी मटारच्या शेंगा सोलतेय. तो दुसऱ्यांदा म्हणतो, जरा हळू. तिसऱ्यांदा म्हणत नाही. खाली बसतो आणि टीव्हीकडे बघायला लागतो.

ते तिसऱ्यांदा न म्हणणं हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

आजीची चाचणी झाली. खालच्या पट्टीत, १००० हर्ट्झपर्यंत, २५ ते ३० डेसिबलचा आवाज तिला ऐकू येत होता; वरच्या पट्टीत, ४००० हर्ट्झला, ६० ते ६५ लागत होता. दोन्ही कानांत जवळपास सारखंच. वयानुसार ऐकणं वरच्या पट्टीपासून कमी होत जातं. त्यात गिरणीच्या घरघरीची बारा वर्षं मिळाली होती. ४००० हर्ट्झच्या आसपास पडणारा खड्डा ही गोंगाटाची जुनी खूण आहे. अशा माणसाला बाबाचा जाड आवाज ऐकू येतो, म्हणून घरच्यांना वाटतं कान ठीक आहेत. लहान मुलाचा आवाज बारीक आणि उंच. नेमका तोच जातो.

दोन कमी ऐकणारी माणसं दिवसाचे अकरा तास एकमेकांसोबत होती, आणि त्यांच्यामध्ये टीव्ही चालू होता.

भाषा अशी का घडते

पोटातल्या बाळाला जन्माआधीच आवाज ऐकू येतात, आणि जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं. सुरुवातीला त्याचा कान जगातल्या सगळ्या भाषांना उघडा असतो. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात दाखवलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले दंत्य आणि मूर्धन्य आवाज, म्हणजे आपले त आणि ट, वेगळे ओळखतात. वर्षाची होईतो ही क्षमता बहुतेकांत मावळते. आपल्या बाळांची ती टिकते, कारण त आणि ट आजूबाजूला रोज कानावर पडतात. मेंदू जे वापरात आहे ते राखतो आणि बाकीचं छाटतो. वाढ म्हणजे नुसतं जमा होणं नव्हे. प्रत्येक वयात काही मिळतं आणि त्याच वेळी काही सुटतं. आयुष्यभराच्या विकासाचा अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी हेच मांडलं.

मग टीव्हीतूनही मराठी कानावर पडतेच, असं बाबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात आहे. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन ऐकवली, प्रत्येकी बारा बैठका. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून ऐकणारी बाळं ते आवाज ओळखायला शिकली. तीच व्यक्ती, तेच बोलणं पडद्यावर पाहणारी काहीच शिकली नाहीत. पडदा मुलाच्या "ऊऽऽ"कडे वळून बघत नाही. मुलानं टाकलेला चेंडू परत येतो तेव्हा भाषा घडते.

बारा आठवड्यांत काय केलं

पहिलं काम अंतर कमी करण्याचं, कारण त्याला खर्च नाही. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. घरात भिंतींच्या घुमण्यामुळे थोडा कमी. ओट्यापासून हॉलपर्यंत चार मीटर. तिथून ओरडण्यापेक्षा एका मीटरवर येऊन बोललं तर दहा डेसिबलच्या आसपास फुकट मिळतात. ओरडून ते मिळत नाहीत, कारण ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजनं नाही. म्हणून नियम केला: हातभर अंतर, तोंडासमोर तोंड, उजेड आपल्या चेहऱ्यावर. आजीची जागा बदलली. ती खिडकीकडे पाठ करून बसायची, त्यामुळे तिचा चेहरा काळोखात असे. आता ती खिडकीकडे तोंड करून बसते.

टीव्ही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस: दोन वर्षांखाली पडदा नको, दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास, आणि तोही कमी असेल तितका चांगला. या घरात मोबाईल धरून तीन तासांवर जात होतं, आणि त्याशिवाय आजीच्या मालिका दिवसभर मागे चालू. पहिल्या दिवशी बाबांनी जोशात सगळंच बंद केलं. मुलगा तीन दिवस नीट जेवला नाही, चौथ्या दिवशी मोबाईल परत आला. हे जवळपास प्रत्येक घरी होतं. मोबाईल जेवणाला बांधलेला असेल तर आधी एकच जेवण सोडवायचं, घरात दोन माणसं असतील ते, इथे रात्रीचं. मुलाला आपल्यासोबत खाली ताटावर बसवायचं, स्वतःच्या हातानं सांडू द्यायचं, वीस मिनिटांत ताट उचलायचं. नऊ दिवस लागले. मग दुपारचं. आजीच्या मालिका हिरावून घेतल्या नाहीत. दुपारी दीड ते तीन, नातू झोपलेला असताना, त्या तिच्याच राहिल्या.

दुसरं काम थांबायचं. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, आत चुरमुरे. मुलाला दिसेल असा हलवायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. त्याला तो उघडत नाही. तो डबा तुमच्याकडे ढकलतो. इथे आपला हात आपोआप पुढे जातो, तो आवरायचा. मनात पाच बोटं मिटायची, तोंडाकडे बघत. तो बघेल, कुरकुरेल, "अ" म्हणेल. कुठलाही आवाज आला की, "उघड! उघडला," म्हणून लगेच उघडायचा, चार चुरमुरे द्यायचे, झाकण परत लावायचं. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. "उघड म्हण, मगच देईन" असं करायचं नाही. अडवून धरलं की मूल शब्द शिकत नाही, रडून मागायला शिकतं. तळहातावर मोराला चारा घालायचा खेळ आजीला येत होताच. त्यात शेवटच्या "भुर्रर्र"च्या आधी थांबायला सांगितलं. सहाव्या दिवशी तो "भुर्र" मुलानं पूर्ण केला.

शेजारणीनं बोलणारं खेळणं आणि चित्रपत्त्यांचा मोठा संच सुचवला होता. गरज नव्हती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणात मिळणाऱ्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. अंगणवाडी हा शब्दही तिथलाच. घणसोलीच्या घरात डबे, चमचे, भाजीची टोपली आणि खिडकीतून दिसणारी एनएमएमटीची बस होती, तेवढं पुरलं.

शब्द निवडताना नुसती नामं घेऊ नयेत. रंग, आकडे, प्राण्यांची नावं पाठ करून घेतलेलं मूल पाहुण्यांसमोर छान दिसतं, पण "मला दे" म्हणू शकत नाही. इथे घेतलेले आठ: दे, उघड, आण, अजून, संपलं, नको, ये, गेला. हे कशालाही जोडता येतात, त्यामुळे जोडशब्द लवकर सुटतात. मूल जेवढं बोलेल त्यात आपण एकच शब्द घालायचा. तो "भू" म्हणाला की "भू आला." पूर्ण निबंध नको, आणि "हे काय आहे? सांग, काय आहे?" अशी परीक्षाही नको.

भाषा कुठली, यावर बाबांचा आग्रह इंग्रजीचा होता, कारण शाळा इंग्रजी माध्यमाची घेणार. म्हणून घरात "शूज घाल", "वॉटर पी" चाललेलं. दोन भाषांनी मूल बोलायचं थांबत नाही, तेव्हा इंग्रजी विषारी नाही. पण ज्या भाषेत मोठ्यांना चिडवता येतं, लाड करता येतात, गोष्ट रंगवता येते, ती भाषा सोडून तुटक आज्ञांची भाषा मुलाला देणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं. आजीची पाटणची मराठी जशीच्या तशी ठेवली. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे आठवड्याला एक सत्र होतं. त्यातला बराच वेळ मुलावर नाही, घरच्यांना शिकवण्यात गेला, आणि तसंच असायला हवं.

यंत्र कपाटात का जातं

आजीला दोन्ही कानांना कानामागचं यंत्र दिलं. पहिल्या आठवड्यात ते कपाटात गेलं. "भांड्यांचा खणखणाट डोक्यात जातो," ही तिची तक्रार खरी होती. बरीच वर्षं वरची पट्टी न ऐकलेल्या मेंदूला ती एकदम मिळाली की असह्य होते. म्हणून पहिले पाच दिवस दोन तास, शांत खोलीत, नातवासोबतच. मग रोज तासभर वाढवत तीन आठवड्यांत जागेपणीचा सगळा वेळ. शिट्टी वाजत होती, कारण कानातला साचा सैल होता. तो नव्यानं घेतला. ऑगस्टच्या दमटपणात यंत्र मध्येच बंद पडायचं. रात्री बॅटरीचं दार उघडून सिलिका जेलच्या डबीत ठेवल्यावर ते थांबलं. नवी बॅटरी चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर हवेवर ठेवूनच घालायची. घाई केली तर लवकर संपते. या बारीकसारीक गोष्टी दुकानात एका दमात सांगतात आणि घरी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. एका मोठ्या कागदावर चित्रं काढून त्या देव्हाऱ्याशेजारी लावल्या.

यंत्राचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा ३,००० रुपये मिळतात. हे घर उत्पन्नात बसत नव्हतं. श्रवण आणि वाचा दोन्हीसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हा या पट्ट्यातल्या लोकांना जुना आधार आहे.

बाल्टेस यांनी म्हातारपणातल्या वाढीसाठी तीन हालचाली सांगितल्या: निवड, कसणं आणि भरपाई. आजीच्या बाबतीत त्या अशा दिसल्या. निवड: सगळा दिवस नातवामागे धावण्याऐवजी सकाळचे दोन आणि संध्याकाळचा एक तास पूर्ण त्याचे. कसणं: गोष्टी आणि खेळ, जे तिला आईबाबांपेक्षा जास्त येतात. भरपाई: यंत्र, जागा, उजेड. ६६व्या वर्षी माणूस नवं शिकतो का, या शंकेचं उत्तर तिनं तिसऱ्या आठवड्यात स्वतः बॅटरी बदलून दिलं. तिच्यापुरताही यात लाभ आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अचीव्ह चाचणीत, ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांत, श्रवणयंत्रामुळे आकलन आणि स्मृतीच्या एकूण घसरणीत सरसकट फरक दिसला नाही. पण आधीच जास्त जोखीम असलेल्या गटात तीन वर्षांत ती घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली.

या सगळ्यात सगळ्यात नाजूक भाग यंत्राचा नव्हता. आजीचा अहवाल आला त्या रात्री घरात कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आईंमुळे झालं." आजी दोन दिवस नातवाशी बोललीच नाही, घाबरून. बारा आठवड्यांतले ते दोन दिवस सर्वात वाया गेले. सगळ्यांना एकत्र बसवून सांगावं लागलं की चाळणीला पाच भोकं होती: कानातलं पाणी, आजीचा कान, टीव्ही, आईची लांबलेली शिफ्ट आणि एक सरकारी पोकळी. १६ ते २४ महिन्यांमधल्या लसींनंतर पुढची ठरलेली लस पाचव्या वर्षी. मधल्या काळात मूल अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासतं. तो कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोही पालघरमधून, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातूनच. पण हे मूल अंगणवाडीत जात नव्हतं. त्याचे शब्द कुणी विचारलेच नाहीत.

आईबद्दलही बोलायला हवं. ३१व्या वर्षी ती दोन दिशांना ताणली गेली होती आणि दोष स्वतःवर घेत होती. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा असायला हवी. तिला हे कामाच्या ठिकाणी कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पाळणाघर घेतलं नाही, पण सकाळची शिफ्ट मागून घेतली आणि ती पाच वाजता घरी यायला लागली.

नोंदी

ऑगस्टच्या सुरुवातीला ११ शब्द. नवे शब्द भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहायचे ठरलं होतं. चौथ्या आठवड्यात १९. बाबा निराश, कारण त्यांना महिन्याभरात मूल घडाघडा बोलेल असं वाटलं होतं. सातव्या आठवड्यापर्यंत २६. मग वेग आला. नवव्या आठवड्यात पहिली जोडी: सकाळी आजीची यंत्राची डबी उचलून तो तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "आजी कान." त्याच आठवड्यात "अजून पोई" आणि "बा गेआ". बाराव्या आठवड्यात ६३ शब्द आणि चौदा जोड्या. व्हिडिओ पुन्हा मोजला: दहा मिनिटांत मुलानं ३१ वेळा काही टाकलं, २४ वेळा उत्तर आलं.

नोव्हेंबरच्या तपासणीत उजव्या कानाचा पडदा नीट हलत होता. डाव्या कानात द्रव नव्हता, पण आतला दाब अजून उणा होता. श्रवण २० डेसिबलवर आलं. ग्रोमेटची गरज पडली नाही. यातलं किती श्रेय ओसरलेल्या पाण्याचं, किती आजीच्या यंत्राचं आणि किती बंद टीव्हीचं, हे वेगळं काढता येत नाही. सगळं एकाच वेळी बदललं होतं. पण नवव्या आठवड्यातली उडी कानाच्या तपासणीच्या तीन आठवडे आधीची आहे, हे नोंदवून ठेवावं असं वाटतं.

बाकी आहे ते असं. वयाच्या मानानं तो अजून मागे आहे. ल आणि र अजून नीट येत नाहीत, पण या वयात ते बऱ्याच मुलांना येत नाहीत. दुधाची बाटली सुटली आहे, रात्री कपानं आणि बसून. डाव्या कानामुळे प्रत्येक मोठ्या सर्दीनंतर टिंपॅनोमेट्री. तिसऱ्या वर्षी भाषेची पूर्ण चाचणी, शाळेच्या प्रवेशाआधी. आणि पाऊस लागायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोघांची वेळ एकाच सकाळी घेतली आहे: आधी नातवाचा पडदा, मग आजीचा साचा.